सही बरोबर आहे

महापेला रात्रपाळी. माझ्यासमोर रांगेत
एकशे बारा फायली, सगळ्या सहीच्या.
बिनसहीच्या पलीकडच्या टेबलावर जातात, त्यांचं सोपं असतं,
अनोळखी माणूस शिरला की गावातली कुत्री भुंकतातच.
माझ्याकडे येतात त्या इस्त्री केलेल्या :
शिक्का शाबूत, मुदत चालू,
वरपर्यंत साखळी जुळलेली. हा त्याला ओळखतो, तो आणखी कुणाला,
सगळ्यात वरच्याला जामीन कुणी नाही,
त्याच्यावरच सगळ्यांचा भरवसा.

ट्रेनिंगला पिंटो सर म्हणाले होते,
सही एवढंच सांगते की पाकीट वाटेत कुणी फोडलं नाही.
आत काय भरलंय, ते भरणाऱ्याला विचारा.

सत्तेचाळिसावी. फुकटात पीडीएफ जोडून देणारी.
तिला मी खोट्या कॉम्प्युटरवर सोडते,
तिथं कितीही मोडतोड झाली तरी कुणाचं काही जात नाही,
आणि बघत बसते.
आधी ती पीडीएफ जोडते. अगदी नीट.
मग अकरा मिनिटं काहीच नाही.
मी डबा उघडते. शेपू.
बाराव्या मिनिटाला ब्राउझरचं पहिलं पान बदलतं,
कोपऱ्यात गुडघेदुखीचं तेल उगवतं, तेलामागून रमी,
आणि कुठंतरी खाली, मुंगीएवढ्या चौकोनात
माझ्या वतीनं आधीच मारून ठेवलेली बरोबरची खूण.

चोरी म्हणावी तर काही गेलेलं नाही.
दार लोटलेलं दिसलं म्हणून आत येऊन बसलेला
आणि चहा झाला तरी न उठणारा कुणी.
आमच्या रकान्यात त्याला शब्द आहे : बहुधा नकोसं.
हे 'बहुधा' लिहायचा मला पगार मिळतो.

सही उलगडली. कंपनीचं नाव चकचकीत, इंग्रजी.
पत्ता : घणसोली गावठाण, तळ्याच्या मागे.
नोंदणीत शोधलं, संचालक एकच,
हिराजी पदाजी मढवी.

मी त्यांच्याकडे दळण देते.

सकाळी कंपनीच्या गाडीतून उतरले ती तशीच गिरणीत.
"काय गो, आज डबा नाय?"
मी विचारलं, काका, तुमच्या नावाची कंपनी आहे?
त्यांनी बटण बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत बोलले नाहीत.
"नवी मोटर घ्याची व्हती. भाच्याचा दोस्त बोलला, लोन करून देतो.
फोटो काढला, आधार नेला. सही करा बोलला. केली."
कुठं कुठं?
"जिथं फुली व्हती तिथं."
लोन?
त्यांनी जुन्या मोटरीकडे पाहिलं, मीही पाहिलं.

मग मला जमेल तसं सांगितलं,
की तुमच्या सहीवर लोकांच्या कॉम्प्युटरात तेल विकतात.
थोडा विचार करून म्हणाले,
"चांगला हाय का तेल?"

मागं फळीवर डबे. प्रत्येकावर चिठ्ठी, त्यांच्या हातची,
काना जरा डावीकडे झुकलेला :
डी-चौदा, बाजरी, जाड. शाळेवाली, तांदूळ.
सहा वर्षांत एकदाही डबा बदलला नाही.
माझा खालच्या फळीवर. नाव त्यांनी कधी विचारलं नाही.
'रातवाली, गहू, बारीक.'

रात्री परत सत्तेचाळीस.
सहीसमोर लिहिलं : बरोबर.
निकालासमोर : अडवा.
कारणाला साठ अक्षरांची जागा, त्यात मोटर बसत नाही.
हा शिक्का अडवला की ह्या नावाचं पुढचं सगळं
जगात कुठंही उघडताना लाल पाटी येईल,
मढवींचं नाव, पदाजींसकट.

दोन वाजता त्याच सहीच्या आणखी नऊ आल्या.
एक हवामान सांगणारी, एक फोटो उजळणारी,
एक पंचांग.
नखात अजून सकाळचं पीठ होतं.
मी पंचांग उघडलं. तिथी बरोबर होती.
घड्याळ लावलं, अकरा मिनिटांचं.